खंडग्रास डोहाळजेवण

हनुमंत कोळपे सरांना कशाकशाची भीती वाटते, हे दौंडात कुणालाच ठाऊक नव्हतं. विज्ञानाच्या शिक्षकानं घाबरू नये असं काही सरकारी परिपत्रक नाही. पण ते निघालेलं आहे आणि फक्त आपल्या शाळेत पोचायचं राहिलंय, अशा समजुतीनं सर वागत. नववीच्या वर्गात ते भुताखेतांची, आडव्या जाणाऱ्या मांजराची, दारावरच्या लिंबू-मिरचीची अशी काही रेवडी उडवत की पोरं बाकं बडवायची. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वस्तीवर, मेंढरांमागं फिरलेल्या घरात वाढलेला हा मुलगा बी.एस्सी. बी.एड. होऊन दौंडला मास्तर झाला, याचा त्यांना अभिमान होता. बोलणंही शुद्ध होतं. फक्त घाबरले की त्यांची भाषा एस.टी. पकडून थेट तळेगावला जाऊन उतरायची. त्यामुळे घाबरल्यावर ते शक्यतो गप्प बसत.

आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, ते फार म्हणजे फारच गप्प होते. त्यांच्या बायकोला, स्वप्नालीला, सातवा महिना लागला होता.

दोन वर्षांपूर्वीही तिला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात, एका साध्या दुपारी, सगळं संपलं होतं. का, ते डॉक्टरीणबाईंना सांगता आलं नाही. "कधीकधी होतं असं," एवढंच त्या म्हणाल्या. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं पोरांना शिकवणाऱ्या सरांच्या छातीत ते वाक्य जाऊन बसलं ते उठेना. एखादं कारण कळलं असतं तर माणूस त्या एकापासून जपून राहिला असता. आता सगळ्यापासूनच जपावं लागत होतं.

म्हणून सरांनी पलंग पंख्याखालून हलवला. मोरीत गोणपाट अंथरलं. ते सरकायला लागलं म्हणून त्याच्यावर चार विटा ठेवल्या, आणि त्या विटांना अडखळून स्वप्नाली पडेल म्हणून विटा काढून गोणपाटही काढलं. मोपेडवर तिला बसवणं बंद. न्हावऱ्याला माहेरी जायचं तर एस.टी.नं जावं लागतं आणि त्या रस्त्यावर खड्डे, तेही बंद. डोहाळजेवण माहेरी व्हावं अशी सासूबाईंची, बयाबाईंची, फार इच्छा होती. सरांनी "विश्रांती आवश्यक" असं शुद्ध भाषेत सांगितलं आणि कार्यक्रम दौंडला आणला. इथवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते सरांना हौस आली म्हणून. डोहाळजेवण चांदण्यातलं करायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते राहत त्या घराला वर मोकळी गच्ची होती. वीज संध्याकाळी जाणारच; मग चंद्राचाच उजेड काय वाईट? पाचसात सवाष्णी, शाळेतल्या दोन बाई, हिरवी साडी, फुलांचे दागिने, गच्चीभर गारवा. तारीख सरांनी स्वतः काढली: गुरुपौर्णिमा. शिक्षकाच्या घरी गुरुपौर्णिमेला डोहाळजेवण, हे सुचल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकलं.

त्याच संध्याकाळी ते गच्ची मागायला खाली घरमालकांकडे गेले. घरमालक हौसराव आप्पा म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड. नोकरी सुटली तरी हिरवा आणि लाल बावटा आप्पांच्या बोलण्यातून सुटला नव्हता.

"गच्ची घ्या की," आप्पा म्हणाले. "कवा म्हनता?"

"पौर्णिमेला. चंद्र उगवला की सुरू."

आप्पांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, चष्मा पुसला, बोट फिरवलं आणि थांबले.

"सर, लाइन क्लिअर न्हाई."

"म्हणजे?"

"त्या दिवशी ग्रहण हाय. खंडग्रास. चंद्र उगवतोय त्योच धरल्याला."

आतून आप्पांची बायको, साळूबाई, पदर तोंडाला लावून दारात आली. "अगं बया! पोटुशीला? ग्रहणात गच्चीवर?"

विज्ञानाच्या शिक्षकाला चंद्रग्रहण ठाऊक नसावं, ही एक गोष्ट. आणि त्या ग्रहणात आपल्या बायकोला मखरात बसवायचं, ही दुसरी. यातल्या पहिलीची लाज वाटली आणि दुसरीची भीती. त्या वेळी सर सरळ म्हणाले असते, "अरेच्चा, चुकलं, आठवडाभर पुढं ढकलू," तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण साळूबाई बघत होती, आप्पा चष्म्यावरून बघत होते, आणि सरांच्या तोंडून शुद्ध मराठीत एक वाक्य निघून गेलं.

"माहीत आहे. मुद्दामच ठेवलंय."

काही वाक्यं अशी असतात की ती बोलताना छाती एकदम रुंद होते आणि मग महिनाभर श्वास घेताना दुखते.

घरी येईपर्यंत बातमी साळूबाईमार्फत मागच्या दारानं त्यांच्या आधी पोचली होती. स्वप्नाली तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"खरंच मुद्दाम ठेवलंय तुम्ही?"

सर तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिथं भीती दिसली असती तर त्यांनी पटकन ती पकडली असती आणि "तुझ्यासाठी रद्द करतो" म्हणून सुटले असते. पण ती शांत होती.

"हो," सर म्हणाले. "ग्रहण म्हणजे नुसती सावली. पृथ्वीची."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली. "तुम्हाला माहीत असतं."

त्या रात्री सरांना झोप लागली नाही. त्यांना भिमा आठवत होता. वस्तीवर त्यांच्याबरोबर वाढलेला हा भिमा जन्मतःच फाटलेल्या ओठाचा. त्याच्या आईनं ग्रहणात भाजी चिरली, असं सगळी वस्ती सांगायची. पुढं सरांनी कॉलेजात वाचलं की तसं काही नसतं. पण वाचलं ते वीस-बाविसाव्या वर्षी; ऐकलं होतं ते पाचव्या वर्षी, आईच्या मांडीवर.

सकाळपर्यंत त्यांनी ठरवलं: कार्यक्रम रद्द करायचा, पण आपण नाही करायचा. दुसऱ्या कुणाला तरी करायला लावायचा.

यासाठी पहिला मोठा भरवसा सासूबाईंवर होता. बयाबाई जुन्या वळणाच्या. त्या नक्की आकांडतांडव करतील. सर एस.टी.डी. बूथमध्ये गेले, न्हावऱ्याच्या किराणा दुकानात फोन लावला, बयाबाईंना बोलावून आणायला लावलं आणि अतिशय आशेनं सगळं सांगितलं. ग्रहण हा शब्द तीनदा वापरला. पलीकडं बराच वेळ नुसती खरखर आली.

"मामी? ऐकताय ना? तुमची हरकत असंल तर सांगा. मी मोडता घालनार न्हाई." भाषा घसरायला लागली होती.

"जावईबापू," बयाबाई हळूच म्हणाल्या, "तुमी शिकल्यालं. तुमी म्हनता त्ये इचार करूनच म्हनत आसाल. आमी आडान्यांनी काय बोलायचं? येते मी."

सरांनी रिसीव्हर ठेवला. पहिला बुरूज ढासळला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी, म्हणजे सर्जेराव हेडसरांनी, त्यांना ऑफिसात बोलावलं. हेडसरांच्या हातात खडू होता आणि डोळ्यांत तेज.

"कोळपे! मला आत्ता कळलं. ग्रहणात डोहाळजेवण! स्वतःच्या घरचं! अहो, याला म्हणतात प्रबोधन. हे पाच बायकांत कसं उरकता? मी चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलंय."

"चेअरमनसाहेबांच्या?"

"बापूसाहेब स्वतः येतायत. दोन शब्द बोलणार. आपल्या संस्थेचा उपक्रम म्हणून करू."

"पण सर, घरगुती..."

"घरगुतीच! माइक लावू फक्त."

डोहाळजेवणाला माइक! सरांनी याही आघातात एक आशेची जागा शोधली. माइक म्हटला की पोलिसांची परवानगी, आणि परवानगी म्हटली की नकार. ते स्वतः पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि उभे राहिले.

"कोळपे सर? आमचा पोरगा तुमच्या हाताखाली हाय. विज्ञानात पास झाला पहिल्यांदा. बसा, बसा. अरे, चहा सांग रं!"

"नियमात बसत नसेल तर राहू द्या," सर म्हणाले. "मी आग्रह करणार नाही. लोकांना त्रासही होईल."

"कोन म्हनतंय त्रास? मी माझी बायकू पाठवतो." आणि त्यांनी शिक्का मारला. असा जोरानं मारला की चहाचा कप हलला.

मग सरांनी गच्चीचा मुद्दा काढला. "आप्पा, एवढी माणसं... स्लॅब पेलेल का? मला जरा शंका आहे." आप्पांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. तो स्लॅब त्यांनी स्वतः उभं राहून घातला होता. "सर, इंजीन उभं करा वर. वाफेचं. मग बोला." दोन दिवस ते सरांशी नीट बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं कठड्याला चुना मारून घेतला.

मांडवाचं काम ज्याच्याकडं गेलं तो मांडववाला म्हणजे तोच भिमा. आता दौंडात त्याचा धंदा चांगला चालला होता. तो मापं घ्यायला गच्चीवर आला आणि टेप धरता धरता हसला, तेव्हा सरांची नजर त्याच्या शिवलेल्या ओठावर गेली आणि तिथंच अडकली.

"काय बघतोस हन्मा? ग्रहणाचं डोक्यात हाय व्हय?"

"न्हाई, न्हाई."

"आरं, मी आईला इचारलं व्हतं एकदा. म्हनलं, खरंच चिरली का गं तू भाजी? ती म्हनली, कसली भाजी आन् कसलं काय. त्या साली ग्रहणच न्हवतं. लोकांनी कुटनं आणलं त्ये लोकांनाच म्हाईत."

सरांच्या डोक्यावरनं मोठं ओझं उतरलं. त्यांना भिमाला मिठी मारावीशी वाटली. जिन्याच्या दोन पायऱ्या ते हलक्या पावलांनी उतरले आणि तिसरीवर थबकले.

"मग कशानं झालं रं ते?"

"कुनाला म्हाईत?" भिमा वरून म्हणाला. "झालं आसंच."

म्हणजे ग्रहण नसतानाही! सर उरलेला जिना भिंतीला धरून उतरले.

आता एकच आधार उरला: पाऊस. आषाढ निम्मा संपत आला होता आणि दौंड, शिरूर, सगळा पट्टा कोरडा पडला होता. लोक आभाळाकडं बघत होते. सरही बघत होते, पण त्यांना तो एकाच संध्याकाळी, एकाच गच्चीवर हवा होता. रोज सकाळी ढग यायचे, गावावरून एक चक्कर मारायचे आणि पुढं निघून जायचे.

गुरुपौर्णिमेला सकाळी शाळेत मुलांनी फुलं दिली. सर ती घेऊन घरी आले तर बयाबाई आल्या होत्या. त्यांनी सोबत शेंगांचे लाडू, कुरड्या आणि एक लहान गाठोडं आणलं होतं. लेकीच्या कमरेला त्या पदराआडून काळा दोरा बांधत होत्या. सर दारात दिसताच त्यांनी हात मागं घेतला आणि त्या भिंतीकडं बघायला लागल्या. सरांनीही काही पाहिलं नाही असं दाखवलं आणि मनातून म्हणाले, दोन बांधा, मामी.

"जेवलीस का?" त्यांनी स्वप्नालीला विचारलं.

"जेवले की," ती म्हणाली.

दुपारनंतर ढग आले आणि आले ते राहिले. पाऊस नाही, पण आभाळ गच्च. सरांना हायसं वाटलं. चंद्रच दिसला नाही तर ग्रहण कुठलं? संध्याकाळ झाली तशी माणसं यायला लागली. सरांनी वीस पानांचा अंदाज धरला होता. रेल्वे कॉलनीतल्या बायका आल्या. शाळेतला झाडून सगळा स्टाफ आला. हवालदारांची बायको आली आणि तिच्या दोन बहिणी. ज्यांना बोलावलं नव्हतं, ते तर जास्तच लवकर आले. कौतुकाला म्हणून फार थोडे होते. बाकीच्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं की आज इथं काहीतरी होणार आहे आणि झालं तर आपण बघितलेलं असावं.

भिमानं चंदेरी कागदाचा मोठा गोल चंद्र उभा केला होता आणि त्याच्या पुढं खुर्ची. हिरव्या साडीत, फुलांच्या वाक्या-बाजूबंदांत स्वप्नाली तिथं बसली तेव्हा सर क्षणभर सगळं विसरले. मग त्यांना खुर्चीचा एक पाय हलताना दिसला आणि सगळं आठवलं. त्यांनी खाली बसून त्या पायाखाली कागदाची घडी घातली आणि पुढचा सगळा वेळ ते खुर्चीच्या मागं उभे राहिले.

ओटी भरली. गाणी झाली. चौरंगावर दोन वाट्या पालथ्या घातल्या होत्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. स्वप्नालीनं एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. साळूबाई त्यासाठी हातावर हात चोळत होती. पण हेडसर म्हणाले, "थांबा, चेअरमनसाहेब येऊ द्या." पानं मांडली होती, वाढपी तयार होते. पण साहेब आल्याशिवाय जेवणं नाहीत. आणि साहेब आल्यावर तरी जेवतील का, याची सरांना शंका होती, कारण जिकडंतिकडं कुजबुज एकच चालली होती: "वेधात कसं जेवायचं?" "पुरणपोळी डब्यात न्यावी का?" "सर जेवतात का ते बघू आधी."

वीज गेली. कंदील आणि दोन गॅसबत्त्या लागल्या. माइक बॅटरीवर होता. त्याचं काही बिघडलं नाही, हे सरांच्या नशिबाला धरूनच होतं.

बापूसाहेब आले ते चांगल्यापैकी अंधार झाल्यावर. पांढरा सदरा, पाठीमागं चार माणसं, त्यातला एक वार्ताहर. नारळ, हार, टाळ्या. बापूसाहेब माइकपुढं उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं पूर्वेचं आभाळ, आणि आभाळात नुसते ढग.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आज आपन एकविसाव्या शतकात हाय. आन् तरी काही लोक म्हनतात, ग्रहण! अरे, कसलं ग्रहण? कुठं हाय ग्रहण? मला दाखवा!" त्यांनी हात मागं केला. "दिसतंय का कुनाला?"

वारा सुटला होता. त्यांच्या बोटाच्या नेमकं वर ढग फाटला आणि चंद्र बाहेर आला.

तो चंद्र म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. निम्मा होता, आणि निम्मा नव्हता. नसलेल्या निम्म्याचा रंग तांबूस काळा, जुन्या तव्यासारखा. कुणीतरी वरून चावा घेऊन तसाच टाकून दिल्यासारखा तो बापूसाहेबांच्या टोपीवर लटकत होता.

मग साळूबाई ओरडली.

त्या ओरडण्यानं बापूसाहेबांनी मागं वळून पाहिलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "मला... एक अर्जंट फोन यायचाय," आणि त्या वयात कुणी उतरू नये अशा वेगानं जिना उतरले. त्यांची चार माणसं उतरली. वार्ताहर उतरला. मग बायका डोक्यावर पदर, हातात चपला घेऊन निघाल्या. कुणीतरी पोरांना हाका मारत होतं, कुणाची ओटी सांडली, भिमाचा चंदेरी चंद्र कलंडला. हेडसरांनी धीर सोडला नाही. त्यांनी माइक हातात घेतला. "घाबरू नका! ही फक्त सावली आहे! शांतपणे उतरा!" असं सांगत ते स्वतःही शांतपणे उतरू लागले. माइकची वायर जितकी लांब होती तितकं ते बोलले. अर्ध्या जिन्यात वायर संपली, खाडकन आवाज झाला आणि प्रबोधन थांबलं.

सर हललेच नव्हते. माणसांचा लोंढा खुर्चीकडं येतोय असं दिसताच त्यांनी दोन्ही हात पसरले, मग मांडवाची चादर ओढून काढली आणि स्वप्नालीच्या डोक्यावरून पायापर्यंत घातली. स्वतः तिच्यापुढं आडवे उभे राहिले. "कुनी ढकलू नगा! पोटुशी हाय! आरं बाजूनं जा की, आंधळं हाय का रं!" दौंडच्या हायस्कुलातले विज्ञान शिक्षक अस्सल वस्तीवरच्या भाषेत ओरडत होते आणि त्यांचा आवाज फुटत होता.

गच्ची रिकामी झाली. सांडलेले तांदूळ, एक एकटी चप्पल, मांडलेली पानं, कुणी हात न लावलेली पातेली. आणि तिघं: सर, स्वप्नाली आणि बयाबाई.

"काढा हे," चादरीतून आवाज आला. "गुदमरतंय."

सरांनी चादर काढली. फुलांचा मुंडावळीसारखा हार कानावर आला होता. स्वप्नालीनं वर चंद्राकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

"तू तर जेवलीयस."

"न्हाई जेवले. सकाळपास्नं काहीच न्हाई. साळूमावशी म्हनल्या, वेध हाय. तुमाला सांगितलं तर तुमी हसला असता."

गॅसबत्तीच्या उजेडात तिचं तोंड पांढरं दिसत होतं. कपाळावर घाम होता. सरांनी हात धरला तर तो गार.

"सुटूस्तवर न्हाई खायाचं," बयाबाई घाईनं म्हणाल्या. "जावईबापू, आता मला काय बी म्हना, पन सुटूस्तवर न्हाई. त्वांडात घास, आन् वर त्ये तसलं."

"किती वेळ आहे सुटायला?"

"हाय की आजून लई."

सर वर बघायला गेले आणि बघवेना म्हणून त्यांनी मान खाली केली. सावली. पृथ्वीची. हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्या माहीत असण्याचा या वेळी काडीचाही उपयोग होत नव्हता. घास दिला आणि उद्या काही झालं तर? दोन वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा आली तर? तर जन्मभर एकच गोष्ट राहील: हा घास आपल्या हातानं दिला होता. आणि नाही दिला, ही अशीच बसून राहिली, आणि काही झालं, तर?

स्वप्नालीची मान किंचित कलली. सर उठले. समोर चौरंगावर त्या दोन पालथ्या वाट्या होत्या; हाताला लागली ती त्यांनी उघडली आणि खाली जे होतं ते उचललं. बयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"मामी," सर म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय. सोडा हात. मग धाडस व्हायचं न्हाई."

बयाबाईंचे डोळे मोठे झाले. "तुमाला भ्या वाटतंय?"

"पहिल्या दिसापास्नं."

"आन् मी म्हनतीया, जावईबापू एवढं धीराचं, तर आपन कशाला त्वांड उघडायचं! फोन ठेवल्यापास्नं माझ्या पोटात अन्न न्हाई!"

"मला बी वाटत होतं," खुर्चीतून आवाज आला. "तुमी म्हनलात मुद्दाम ठेवलंय, म्हनून मी गप बसले."

मनगट सुटलं. सरांनी घास स्वप्नालीच्या तोंडाशी नेला. पहिल्यांदा तो गालाला लागला. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि घास घेतला. चावला. गिळला. तिघंही थांबले. काहीही झालं नाही. खाली रस्त्यावर एक मोटारसायकल गेली.

"अजून द्या," स्वप्नाली म्हणाली.

दुसऱ्या वाटीतलं दिलं. मग सरांनी पान पुढं ओढलं. पुरणपोळी, वर तूप. मसालेभात. बटाट्याची भाजी. ती खात होती आणि तिच्या तोंडावर रंग परत येत होता, सावकाश, भाकरी फुगावी तसा. चौथ्या घासाला बयाबाईंनी पदरानं डोळे पुसले, दुसरं पान ओढलं आणि म्हणाल्या, "मला बी वाढा. व्हायचं त्ये समद्यांचं संगं हुंद्या."

सरांनी तिघांना वाढलं. मग ते स्वतःही जेवायला बसले. कुणी वर बघत नव्हतं. तिघंही मान खाली घालून, अगदी चिकटून बसून, भराभरा जेवत होते, पावसात एका छत्रीखाली उभं राहावं तसं.

जिन्यातून आधी टॉर्च आली, मग हौसराव आप्पांचं डोकं.

"सगळं... ठीक हाय न्हवं?" त्यांनी पातेल्यांकडं पाहिलं. "न्हाई म्हनलं, एवढं अन्न. उरलंय का काही?"

"या आप्पा," सर म्हणाले.

आप्पा आले. त्यांच्यामागं साळूबाई आली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, चंद्राकडं पाठ करून. ती सरळ चौरंगापाशी गेली आणि दोन्ही वाट्या उताण्या बघून किंचाळली.

"अगं, उघडल्या? कुटली आधी उघडली? पेढा का बर्फी?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणालाच सांगता येईना. त्या पहिल्या घासाची चव तिघांपैकी कुणालाही आठवत नव्हती.

"दोन्ही खाल्लं," स्वप्नाली म्हणाली. "लय भूक लागली होती."

तालुक्याच्या बातम्यांत तीन दिवसांनी एक चौकट आली. शिक्षकाच्या घरी ग्रहणकाळात डोहाळजेवण. चेअरमनसाहेब शेवटपर्यंत उपस्थित. नागरिकांनी शांततेत घेतला स्नेहभोजनाचा लाभ. हेडसरांनी ती कापून स्टाफरूमच्या फळ्यावर लावली. कोळपे सर तिच्यापुढून जाताना मान खाली घालून जात, आणि पोरं समजत, सर किती साधे आहेत.

सप्टेंबरात मुलगी झाली. दवाखान्यात नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळून ती सरांच्या हातात दिली, तेव्हा सर खिडकीपाशी उजेडात गेले आणि त्यांनी दुपटं सोडलं. हातांची बोटं पाहिली, पायांची पाहिली. कान मागून पाहिले. पाठ पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागं नर्सबाई उभ्या आहेत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"ते आपलं... सहज," सर ओशाळून म्हणाले. "उजेडात नीट दिसतं म्हणून."

"बघा की," नर्सबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडं वळल्या. "सगळेच बघतात. कालच एक डॉक्टर आपल्या पोराला असंच बघून गेले."